काळ्या दगडामागचं पाणी

काणकोण तालुक्यातल्या त्या वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एप्रिल सरता सरता टँकर सुरू होतो. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात! भूजल शोधणं हे माझं काम, त्यामुळे तहानलेली गावं मला नवी नाहीत. इथली तक्रार मात्र वेगळी होती. रस्त्याच्या वरच्या अंगाला कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, विहिरीत मे महिन्यातही पुरुषभर पाणी, आणि खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, विहीर कोरडी ठाक. शेजारी कुणीतरी बोअर मारून दिली होती. तीही नुसती धूळ ओकून थांबली होती.

"सर, पाणी वरून खालीच येतं ना? मग आमच्यापर्यंत का पोचत नाही?" तिथल्या मावशींनी विचारलं. याहून नेमका प्रश्न मला कुठल्या बैठकीतही कुणी विचारलेला नाही.

ओहोटी लागली तसा मी किनाऱ्यावरच्या खडकांत उतरलो. फिकट करडा ग्रॅनाइट, दोनशे कोटी वर्षांहून जुना, आणि त्याला उभा चिरत गेलेला काळाभोर पट्टा. रुंदी चार-पाच मीटर, कडा सरळसोट. मधला तुकडा हातोडीने फोडून भिंगाखाली धरला, तर फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक पांढरट काड्या एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या. मग ग्रॅनाइटला चिकटलेली कड फोडली. त्यात दाणाच दिसेना, सगळा दगड एकजीव, गुळगुळीत. अकराशे-बाराशे अंश तापलेला शिलारस थंड ग्रॅनाइटला टेकला तिथे चटकन गोठला, स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. आत तो सावकाश निवला, म्हणून दाणे मोठे. हा डोलेराइट, बेसॉल्टच्याच रसाचा पण जमिनीखाली निवलेला दगड. आणि हा पट्टा म्हणजे डाइक, भेगेत शिलारस गोठून झालेली उभी भिंत.

ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. आपला सह्याद्री तसा झालेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी खोलवरचा तप्त खडक वर सरकला, दाब कमी झाल्यामुळे वितळला आणि भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे भेगांतून वर चढत राहिला. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्याचा रस पातळ. तो साचून शंकू होत नाही, पसरतो. थरावर थर चढले. दख्खनच्या या लाव्हाथरांचं आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. गोव्यात त्याची कड फक्त ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या माथ्यावर येते. पण भेगांतच गोठलेला रस थेट किनाऱ्यापर्यंत सापडतो. गोव्यातल्या अशा डाइकांचं वय २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ कोटी २८ लाख वर्षं निघालं, म्हणजे मुख्य उद्रेकानंतरचं. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटत होता तो हाच सुमार. जमीन पूर्व-पश्चिम ताणली जात होती, म्हणून भेगा किनाऱ्याला साधारण समांतर पडल्या.

हे सगळं फार जुनं झालं असं वाटत असेल, तर आइसलँड बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गावाखाली सुमारे १५ किलोमीटर लांबीची अशीच डाइक घुसली. लाव्हा दिसायच्या आधीच रस्ते फाटले, गाव रातोरात रिकामं करावं लागलं. उद्रेक झाला तो १८ डिसेंबरला.

किनाऱ्यावरून पट्ट्याची दिशा धरून आम्ही वाड्याकडे चढलो. वर सगळा जांभा, काळा दगड कुठेच दिसेना. डोलेराइटमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, म्हणून चुंबकमापक घेऊन आडव्या रेषेत चालत गेलो. आकडे बराच वेळ शांत होते. रस्त्याच्या वरच्या कडेला, कुळागराच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, ते एकदम उसळले आणि पाच-सहा पावलांत पुन्हा बसले. डाइक इथेच होती, जमिनीत उभ्या बांधासारखी. सह्याद्रीकडून समुद्राकडे मुरत येणारं पाणी तिला अडत होतं. कुळागर तिच्या वर, मावशींची विहीर तिच्या खाली.

वरच्या बाजूला, डाइकला टेकलेल्या तडकलेल्या ग्रॅनाइटमध्ये विहिरीची जागा आखून दिली. कुळागरवाले काका आधी घुटमळले. त्यांची भीती रास्त होती, एकाच साठ्यातून दोघं पिणार. पंप किती वेळ चालवायचा ते ठरवूनच त्यांनी होकार दिला. पुढे विहीर खणली, पाणी लागलं, आणि उतारावरून नळ थेट खालच्या वाड्यात नेला.

निघताना शेजारचा एक जमीनमालक गाडीपाशी आला. काळा दगड कणखर असतो, खडीला भाव चांगला येतो, तर इथे खोदायला हरकत नाही ना? त्याला गडग्यापाशी परत नेलं आणि दोन्ही विहिरींत दोर सोडून दाखवला. ही डाइक फोडली तर वरचं पाणी खाली वाड्याला मिळणार नाही, भेगांतून समुद्रात जाईल आणि कुळागरही सुकेल, हे स्पष्ट सांगितलं. त्याच रात्री अहवालात नकाशा जोडला. डाइकची रेघ लाल शाईने काढली आणि दोन्ही बाजूंना खोदकामाला मनाई करावी अशी शिफारस लिहिली.