प्लास्टिक नियमांच्या मसुद्यावर सूचना पाठवताना: माझा अनुभव

प्लास्टिकवर निर्बंध घालणारा मसुदा राजपत्रात आला की ज्यांच्या धंद्याला झळ बसणार ते लगेच हरकती नोंदवतात. ज्यांना तो नियम हवा असतो, ते बहुधा काहीच लिहीत नाहीत. मी अशा मसुद्यांवर नियमितपणे सूचना पाठवते, आणि पाठिंबाही लेखी द्यावा लागतो हे प्रत्येकाला सांगते.

२०२१ चंच पाहा. ११ मार्चच्या केंद्राच्या मसुद्यात कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून थेट १२० मायक्रॉन होणार होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १२ ऑगस्टच्या अंतिम अधिसूचनेत त्या तारखेला ७५ मायक्रॉन आले आणि १२० मायक्रॉनची अट ३१ डिसेंबर २०२२ वर गेली. प्लास्टिकच्या काडीचे इअरबड, प्लास्टिकचे झेंडे, थर्माकोलची सजावट यांच्यावरची बंदी मसुद्यात १ जानेवारी २०२२ पासून होती, तीही १ जुलैवर ढकलली गेली. मसुदा आणि अंतिम नियम यांच्यामधल्या काळात बरंच काही हलतं, म्हणून आपलं म्हणणं त्याच काळात पोचायला हवं.

मुदत सहसा ६० दिवसांची असते. राजपत्राची प्रत जनतेला उपलब्ध झाल्यापासून ती मोजतात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतल्या दुरुस्त्या राजपत्राच्या भाग दोन, विभाग ३, उपविभाग (i) मध्ये 'सा.का.नि.' (सामान्य कानूनी नियम, इंग्रजीत G.S.R.) क्रमांकाने येतात. आधी हिंदी मजकूर, मग इंग्रजी. दोन्ही वाचावेत. दुरुस्तीत फक्त बदललेले शब्द असतात, त्यामुळे शेजारी २०१६ चे मूळ नियम आणि नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या उघडून ठेवाव्या लागतात. नाहीतर 'पोटनियम (१) च्या खंड (क) मध्ये' या वाक्यातून काहीच उलगडत नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ व्याख्या आणि परंतुकांवर ('परंतु' ने सुरू होणाऱ्या अपवादांवर) घालवते, कारण पळवाटा तिथेच असतात. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांना जाडीची अट लागू नाही. साहजिकच साधी पातळ पिशवीसुद्धा 'कंपोस्टेबल' असं छापून खपवता येते. म्हणून मी लिहिते, की उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक पिशवीवर ठळक, न पुसणाऱ्या शाईत असावा आणि ते नसेल तर पिशवी साधी प्लास्टिकची धरावी. दुसरं उदाहरण नॉन-वोवन पिशव्यांचं. त्या कापडासारख्या दिसतात, पण असतात पॉलिप्रॉपिलीनच्या. त्यांचा धागा फुगीर असल्याने मायक्रॉनचं माप फसवतं. म्हणून त्यांना वजनाची अट आहे, चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम.

जाडीची अट का हवी, हे आकड्यांत सांगितलं तर मुद्दा टिकतो. पॉलिथिनची घनता साधारण ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. २० बाय ३० सेंटिमीटरच्या पिशवीच्या दोन बाजू मिळून ०.१२ चौरस मीटर होतात. २० मायक्रॉनला तिचं वजन जेमतेम सव्वादोन ग्रॅम भरतं, म्हणजे किलोभर माल जमवायला कचरावेचकाला साडेचारशे पिशव्या उचलाव्या लागतात. १२० मायक्रॉनला तीच पिशवी तेरा ग्रॅमची होते आणि पंचाहत्तरीतच किलो भरतो. पातळ पिशवी कुणी का उचलत नाही, ते एवढ्यात कळतं. मापाचा पुरावा जोडायचा तर एक मायक्रॉनपर्यंत मोजणारा डिजिटल मायक्रोमीटर घ्यावा; साध्या स्क्रूगेजचा लघुतम माप १० मायक्रॉन असतो, तो इथे अपुरा पडतो. पिशवी कापून एकच थर मोजावा, जोड आणि घडी टाळावी, चार-पाच ठिकाणची सरासरी द्यावी.

पत्र दोन पानांपेक्षा मोठं करू नये. विषयाच्या ओळीत सा.का.नि. क्रमांक आणि तारीख. त्याखाली तीन रकान्यांचा तक्ता: मसुद्यातला मजकूर, आपण सुचवतो तो मजकूर, कारण. पटलेल्या खंडासमोरही 'हा खंड आहे तसाच ठेवावा' असं लिहून कारण द्यावं. तो खंड वगळा म्हणणारी पत्रं फाइलमध्ये असतील, तर ठेवा म्हणणारंही पाहिजे. 'प्लास्टिकने निसर्गाचा नाश होतोय' अशी वाक्यं मनापासून आलेली असली तरी अधिकाऱ्याला त्यांतून बदलायला शब्द मिळत नाही. एकाच मजकुराच्या शंभर ईमेलचंही तसंच, बहुधा एकच मुद्दा म्हणून नोंद होते. दहा जणांनी दहा वेगवेगळे खंड घेतलेले बरे.

ईमेल मसुद्यात दिलेल्या पत्त्यावरच जावा. सोबत स्पीड पोस्टनेही प्रत पाठवून पोच जपून ठेवावी. केंद्राला मी हिंदी किंवा इंग्रजीत लिहिते, राज्याला मराठीत.

अंतिम अधिसूचना आली की मसुद्याशी ओळ न् ओळ ताडून पाहावी. २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार (कायदा किंवा नियम करण्याआधी लोकांचं मत घेण्याचं केंद्राचं धोरण) आलेल्या सूचनांचा गोषवारा मंत्रालयाने संकेतस्थळावर ठेवायचा असतो. तो नसेल तर माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, सूचनांचा तक्ता आणि त्यावरच्या टिप्पण्यांच्या प्रती मागाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवस. कुठला खंड कोणत्या कारणाने सौम्य झाला ते त्या टिप्पण्यांत सापडू शकतं, आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी 'कारण' या रकान्यात नेमकं त्यालाच उत्तर देता येतं.