एडिनबरा: खेळ घडवणाऱ्यांची नावं

स्कॉटलंडमध्ये लॉख नेस पाहिलं, हायलँड्समधून गाडीने हिंडलो, ओबानच्या धक्क्यावर पावसात उभं राहून गरम गरम मासे खाल्ले. या सगळ्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते एडिनबरातल्या एका अंधाऱ्या दालनाबद्दल.

२०१५ चा मार्च होता. ग्लासगोला मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिचा मुलगा 'मामा, चल ना, मामा, चल ना' म्हणून मागेच लागला होता, कारण एडिनबराच्या नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडमध्ये तेव्हा 'गेम मास्टर्स' हे प्रदर्शन आलं होतं. मूळचं हे मेलबर्नच्या ॲक्मी संग्रहालयाचं. २०१२ मध्ये तिथे उभं राहिलं आणि मग देशोदेशी फिरायला निघालं. व्हिडिओ गेम घडवणारी माणसं हा त्याचा विषय. तिसाच्या वर निर्माते, शंभराच्या वर गेम, आणि ते काचेआड ठेवलेले नव्हते, खेळायला मोकळे होते.

अशा प्रदर्शनाला जायचं असेल तर शनिवारी जाऊ नका, एवढंच सांगतो. आम्ही शनिवारी गेलो. आतला गोंगाट असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. पोरांचं मी समजू शकतो. पण एक बाप डाँकी काँगच्या मशीनला चिकटला तो हटेचना, मागे सात-आठ मुलं ताटकळत होती, त्यात त्याचीही दोन. त्या मुलांचे चेहरे बघून मला खरोखर राग आला.

पण प्रत्येक मशीनजवळ एक पाटी होती, आणि त्या पाट्यांनी मला धरून ठेवलं. स्पेस इन्व्हेडर्स, १९७८, तोमोहिरो निशिकाडो. पॅकमॅन, १९८०, तोरू इवातानी. डाँकी काँग, १९८१, शिगेरू मियामोतो.

आमच्या साताऱ्यात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम भाड्याने मिळायचा. सुट्टीत आम्ही वर्गणी काढून तो आणायचो. मारिओची कुठली भिंत फोडली की वर काय मिळतं, हे गल्लीतल्या पोरापोराला पाठ होतं. पण हे कुणीतरी बसून योजलंय, इथे ही वीट आणि तिथे तो खड्डा कुणा माणसाने ठरवलाय, असा विचार आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नाही. येणार तरी कसा? अटारीसारख्या बड्या कंपनीतसुद्धा सुरुवातीला गेमवर निर्मात्याचं नाव घालत नसत. तिथल्याच वॉरन रॉबिनेटने आपल्या 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून त्यात आपलं नाव लपवलं. अटारी सोडून गेलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली, त्यामागेही नावाचं हे दुखणं होतंच.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मारत गेलं की उरलेले भराभर अंगावर येतात. भाचा म्हणाला, "मामा, मुद्दाम अवघड केलंय." मुद्दाम केलेलं नव्हतं. चित्रं कमी उरली की त्या काळचा प्रोसेसर ती पटापट हलवायचा. निशिकाडोंनी ते पाहिलं, आणि दुरुस्त न करता तसंच ठेवलं. खेळणाऱ्याच्या छातीतली धडधड त्यांनी ओळखली होती. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आणि मग मिसाइल कमांड. १९८०, डेव्ह थ्यूरर. खाली सहा शहरं, तीन तळ, आकाशातून उतरणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या रेषा. मशीनमध्ये बसवलेला चेंडू तळहाताने फिरवून नेम धरायचा, तोही शत्रूवर नाही, तो जिथे पोचणार आहे तिथे. भाच्याची शहरं भराभर जळत होती. बाजूला उभे असलेले एक वयस्क गृहस्थ पुढे झाले आणि त्याला म्हणाले, "मधल्या तळाची क्षेपणास्त्रं वेगाने जातात. ती जपून ठेव." त्यांचे उच्चार मला निम्मेच कळत होते, भाच्याला पूर्ण.

ते समुद्रकाठच्या डनून गावचे निघाले. जवळच्या होली लॉख या खाडीत १९६१ ते १९९२ अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ होता. "आमच्या खिडकीतून दिसायच्या," ते म्हणाले. हा गेम ते तरुणपणी समुद्रकाठच्या आर्केडमध्ये खेळायचे. युद्ध झालंच तर पहिला बाँब आपल्याच डोक्यावर पडणार, हे माहीत असताना संध्याकाळी नाणी घेऊन शहरं वाचवायला जायचे. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला.

हा गेम जिंकता येत नाही. कितीही चांगलं खेळा, शेवटी सहाही शहरं जातात, आणि पडद्यावर 'गेम ओव्हर' न येता 'द एंड' येतं. गेम करताना थ्यूररला अणुहल्ल्याची स्वप्नं पडायची, दचकून जाग यायची. भाच्याने विचारलं, "मग जिंकता येईल असा का नाही केला त्याने?" उत्तर त्या गृहस्थांनी दिलं, "कारण तो खोटं बोलला नाही."

पुढे बरंच काही होतं. विल राइट, टिम शेफर, जेनोव्हा चेन अशा निर्मात्यांचे गेम. पण माझं लक्ष लागेना, तेव्हा भाच्याला घेऊन त्याच संग्रहालयातल्या, लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाकडे गेलो. वॉलरसच्या सुळ्यातून बाराव्या शतकात कोरलेल्या सोंगट्या. त्यातल्या अकरा इथे आहेत, बाकी बहुतेक लंडनला. आपल्या वजिराच्या जागी तिथे राणी असते. ती गालाला हात लावून, डोळे विस्फारून बसलीय, बोटं एकेक मोजता येतात. भाच्याने सवयीने पाटीवर नाव शोधलं. नव्हतं. कोरणारा कोण ते कुणालाच माहीत नाही. आठशे वर्षांनी निशिकाडोंचं असं होणार नाही, याचं मला मनापासून समाधान आहे.

आता मला हे मुंबईत हवंय. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात २०१३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सायरसचा दंडगोल आला, तसं हेही येऊ शकतं. आणि त्यात आपलं एक दालन हवंच. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, २०२० मध्ये तो मियामोतोंच्या निन्टेंडो कंपनीच्या स्विच या गेमयंत्रावर आला. तो घडवणाऱ्या अविचल सिंग आणि श्रुती घोष यांच्या नावांची पाटी तिथे लागली, तर मी पहिल्या दिवशी साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून रांगेत येऊन उभा राहीन.