साडेआठचा पाऊस

“आज माझ्याकडे एकशे बारा. तुझ्या यंत्रात किती?”

जुलैतली संध्याकाळ, आप्पांचा फोन. मी पुण्यात, ते दापोलीजवळ गावच्या घरी. लॅपटॉप उघडून पाहिलं तर आकडा होता ६८ मिलिमीटर. आतल्या छोट्या बादलीच्या एका हेलकाव्याला ०.२ मिलिमीटर पाऊस मोजणारं यंत्र एका रात्रीत चव्वेचाळीस मिलिमीटर चुकलं होतं. “पानं अडकली असतील हो,” मी म्हणालो. “पानं सकाळीच काढली मी,” आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

आप्पा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. अंगणात त्यांचा साधा पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला ते मोजपात्र घेऊन तिथे जातात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. चोवीस तासांचा पाऊस ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहायचा. आप्पांचं मनगटी घड्याळ आकाशवाणीच्या सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर लावलेलं असतं, त्यामुळे साडेआठ म्हणजे साडेआठच.

माझं हवामान केंद्र त्यांच्या मापकापासून दहा पावलांवर आहे. डेव्हिस कंपनीचं व्हँटेज प्रो २, घरात त्याचा कन्सोल, म्हणजे आकडे दाखवणारा डबा, कन्सोलच्या पाठीत नोंदी साठवणारा डेटा लॉगर, आणि त्याला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, थोडक्यात ‘पाय’. पायवर वीवेक्स हा नोंदी गोळा करणारा, पायथनमध्ये लिहिलेला मोफत प्रोग्राम चालतो. लॉगरमध्ये २५६० नोंदी मावतात. दर पाच मिनिटांना एक नोंद धरली तर जवळजवळ नऊ दिवसांचा साठा होतो. लाइट गेली तरी कन्सोल सेलवर चालत राहतो आणि नोंदी साठत जातात, पाय जागा झाला की त्या ओढून घेतो. कोकणातल्या पावसाळ्यात ही सोय लाखमोलाची आहे.

मात्र त्या नोंदीवर वेळेचा शिक्का बसतो तो कन्सोलच्या घड्याळाचा, पायच्या नव्हे. म्हणून वीवेक्स दर १४४०० सेकंदांनी, म्हणजे चार तासांनी, दोन्ही घड्याळं ताडून पाहतो. पाच सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर कन्सोलचं घड्याळ पायप्रमाणे लावून मोकळा होतो. मी सुरुवातीलाच ही सोय चालू केली होती आणि विसरून गेलो होतो.

आप्पांच्या फोननंतर त्या रात्रीची लॉग फाईल, म्हणजे वीवेक्सची रोजनिशी, वाचायला बसलो. एक ओळ अशी होती की चहा गार झाला: कन्सोल १२१८० सेकंद पुढे. तीन तास तेवीस मिनिटं! आणि लगेच खाली, घड्याळ दुरुस्त केलं.

कन्सोल काही पुढे नव्हता. त्याची वेळ अगदी बरोबर होती.

पहाटे दोनच्या सुमारास तारेवर फांदी पडून लाइट गेली आणि चार-चाळीसला आली. माझ्या जुन्या पायमध्ये सेलवर चालणारं स्वतःचं घड्याळ नाही. तो दर तासाला चालू वेळ मेमरी कार्डवर लिहून ठेवतो आणि उठला की तीच वेळ खरी धरतो, मग इंटरनेटवरून खरी वेळ मागतो. शेवटची वेळ लिहिली होती १:१७ ला. म्हणजे चार-चाळीसला उठलेला पाय स्वतःला १:१७ ला समजत होता. एरवी मिनिटभरात सुधारला असता, पण त्या दिवशी इंटरनेटची तारही तुटलेली, ती जोडली गेली दुपारी बाराला.

दरम्यान वीवेक्सने लॉगरमधला साठा आधी उतरवून घेतला, चार-चाळीसपर्यंतचा, बरोबर वेळेचा. आणि मग कन्सोलचं घड्याळ मागे नेलं. त्यानंतर पडलेल्या पावसावर १:२०, १:२५ असे शिक्के बसत गेले. त्या वेळांच्या नोंदी आधीच जमा होत्या आणि डेटाबेसमध्ये एका वेळेची एकच नोंद राहते. खरे आठ वाजून गेले तेव्हा कुठे नव्या नोंदी घुसू लागल्या. पहाटेची जी मोठी सर आप्पांनी खिडकीतून पाहिली, ती अशी गळाली. वर सकाळी उशिरा पडलेला थोडा पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यात गेला. बाराला इंटरनेट आलं, पाय शुद्धीवर आला, कन्सोल पुन्हा पुढे ढकलला गेला आणि आलेखात मोठं भगदाड राहिलं.

वेड्याने शहाण्याचा कान धरला होता, आणि तो धरायला मीच सांगितलं होतं.

माझा पहिला उपाय रागाच्या भरातला. घड्याळ ताडण्याची ती सोयच बंद केली. कन्सोल बरोबर चालतोय ना, मग त्याच्या वाटेला जायचंच कशाला? पावसाळा ठीक गेला. मे महिन्यात गावी गेलो तर कन्सोल दीड मिनिटाने मागे. तो लटकवलाय पश्चिमेच्या भिंतीवर, आणि ती भिंत मेमध्ये संध्याकाळी हात लावू देत नाही. असल्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक साधारण २५ अंशांना नीट चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो आणि गार झाला तरी मागेच पडतो. चाळीस अंशांना दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्तच. दीड मिनिटाने आभाळ कोसळत नाही हे मान्य, पण आप्पांच्या साडेआठशी जुळवायचं तर मला ते खुपत होतं. शिवाय भिंत बदलायला आई तयार नव्हती, तिथे बाकी कुठे खिळा नाही.

म्हणजे सोय हवीच होती. बदलायला हवी होती ती पायची वेळ मिळवण्याची रीत.

पायला जोडायला डीएस ३२३१ चिपची, सेलवर चालणाऱ्या घड्याळाची छोटी पाटी मागवली. हे घड्याळ स्वतःचं तापमान मोजून चूक सांभाळून घेतं, महिन्याला पाचेक सेकंदांच्या आत राहतं. लावताना एक गोष्ट जपावी लागते. स्वस्त पाट्यांवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि आपण त्यात साधा, चार्ज न होणारा नाणं-सेल घालतो. तो फुगू शकतो. मी त्या वाटेतला रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढून टाकला आणि मगच सेल बसवला. पुढे पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ घातली आणि कार्डवर वेळ लिहून ठेवणारं ते खोटं घड्याळ काढून टाकलं. ते राहिलं असतं तर दोघांत पुन्हा भांडण.

इंटरनेटवरून वेळ घ्यायला क्रोनी हा प्रोग्राम बसवला. त्याला वेळ सांगणारे भारतातले चार-पाच सर्व्हर दिले, त्यात भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचाही. एकच सर्व्हर दिला तर तो चुकतोय हे कळणार कसं? क्रोनीमध्ये एक ओळ लिहिली की दर अकरा मिनिटांनी खरी वेळ त्या नव्या घड्याळातही उतरते. शेवटी वीवेक्सला बजावलं की क्रोनीने वेळ नक्की केल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. तीन मिनिटं वाट पाहायची, इंटरनेट नसेलच तर नव्या घड्याळाच्या वेळेवर सुरू व्हायचं. हे बजावायला दोन ओळी लागतात. त्या फाईलच्या चुकीच्या भागात लिहिल्यामुळे माझी अख्खी दुपार गेली, ते जाऊ दे.

परीक्षा घ्यायला आप्पांना बरोबर घेतलं. राऊटर बंद केला, पायची पिन उपसली. “किती वेळ ठेवायची?” “तास-दीड तास.” तेवढ्यात जेवण झालं, त्यांची वामकुक्षीही झाली. राऊटर बंदच ठेवून पिन लावली आणि लॉग फाईल उघडली. कन्सोल ०.८ सेकंद मागे, दुरुस्तीची गरज नाही.

“म्हणजे आता बरोबर?” आप्पा म्हणाले.

त्या पावसाळ्यात लाइट कितीदा गेली ते मोजलं नाही. मोजपात्र आणि यंत्र दोन-चार मिलिमीटरच्या फरकाने जुळत राहिले. तेवढा फरक दोन मापकांत असतोच, वारा कुणाला सोडत नाही.

मागच्या दिवाळीत आप्पांचा रेडिओ बंद पडला. आता ते सात-पाचच्या बातम्या मोबाईलवर ॲपमधून ऐकतात आणि त्यावर घड्याळ लावतात. ॲपमधला आवाज अर्धा मिनिट उशिरा येतो. साडेआठला ते मोजपात्र घेऊन पायरी उतरतात तेव्हा कन्सोलवर साडेआठ केव्हाच वाजून गेलेले असतात. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.