पोचट चिलगोजा

इंदूरच्या आसपास चीड किंवा देवदाराचे जंगल नाही. त्यामुळे बी.एस्सी.च्या वर्गाला शंकुधारी वृक्षांचे प्रजनन शिकवताना आम्हा वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांची भिस्त बाटलीत जपलेले शंकू, तयार स्लाइड आणि फळ्यावरच्या आकृत्या यांवरच असते. या वेळी मी सियागंजच्या बाजारातून न भाजलेले चिलगोजे आणवले, रात्रभर पाण्यात भिजवले आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रत्येक टेबलावर ठेवले. किन्नौरच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या पाइनच्या एका जातीचे हे बी आहे. मुलांना ते ठाऊक होते केवळ सुकामेवा म्हणून.

टरफल फोडून आतला पांढरा गर ब्लेडने उभा चिरला की मधोमध अरुंद पोकळी दिसते आणि तिच्यात काडीसारखा फिकट भ्रूण असतो. सुईने तो अलगद उचलून भिंगाखाली धरल्यावर टोकाला बीजपत्रांचा झुपकाच दिसला, आणि हरभऱ्यात दोनच दले पाहिलेली मुले ती मोजू लागली. भोवतालचा गर गाळणकागदावर दाबताच तेलाचा डाग उमटला. गव्हाच्या किंवा नारळाच्या भ्रूणपोषाशी, म्हणजे बीमधल्या भ्रूणाला पोसणाऱ्या भागाशी, या गराची गल्लत करता कामा नये. सपुष्प वनस्पतींत भ्रूणपोष दुहेरी फलनातून, म्हणजे एक नरपेशी अंडपेशीशी आणि दुसरी शेजारच्या मध्यपेशीशी जुळून, तयार होतो, हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवले. पाइनमध्ये मात्र हा गर फलनाच्या आधीच, एकट्या मातृवृक्षाच्या गुणसूत्रांवर घडू लागतो. म्हणून त्याच्या पेशींत १२ आणि भ्रूणाच्या पेशींत २४ गुणसूत्रे असतात.

एवढ्यात राजवाड्याजवळ राहणारी, घरी मराठी बोलणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘मॅडम, आमचा दाणा पोचट निघाला.’’ टरफल पूर्ण वाढीचे होते, पण आत तपकिरी पापुद्र्याखेरीज काही नव्हते. तिला दुसरा दाणा देण्याऐवजी मी सगळ्यांना तिच्या टेबलापाशी बोलावले, कारण पाइनच्या प्रजननातली जोखीम त्या रिकाम्या टरफलाइतकी स्पष्ट कोणत्याही आकृतीत दिसत नाही.

वसंतात नरशंकूंतून परागाची पिवळी धूळ उडते. प्रत्येक कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. कोवळ्या मादीशंकूच्या उघड्या खवल्यांत शिरलेला कण बीजांडाच्या, म्हणजे ज्याचे पुढे बी होते त्या भागाच्या, तोंडाशी आलेल्या चिकट थेंबात अडकतो आणि थेंबाबरोबरच आत पोहोचतो. मग खवले मिटतात, आणि परागनलिका इतकी सावकाश वाढते की प्रत्यक्ष फलन साधारण वर्षभराने होते. एका बीजांडात एकाहून अधिक अंडपेशी असतात, त्यांचे फलन वेगवेगळ्या परागकणांकडून होऊ शकते, शिवाय प्रत्येक फलित अंडपेशीपासून चार भ्रूणांची सुरुवात होऊ शकते. तरीही शेवटी बहुधा एकच टिकतो. पराग त्याच झाडाचा असेल, तर अनेकदा एकही टिकत नाही. कारणे आणखीही असतात, परंतु टरफल मात्र भ्रूणासाठी थांबत नाही.

‘‘मग आईनं साठवलेल्या अन्नाचं काय होतं?’’ तिने विचारले. गरही सुकून आक्रसतो, असे सांगून मी टरफलाला आतून चिकटलेला पापुद्रा सुईने सोडवला आणि तिच्या स्लाइडवर ठेवला. प्रॅक्टिकल फाइलमध्ये भरलेल्या बीच्या शेजारी पोचट बीचाही उभा छेद काढायला मी सर्वांना सांगितले. बाह्य परीक्षकांनी त्याचे कारण विचारले, तर उत्तर देता येईल इतके ते त्या दुपारी शिकले होते.