रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून: चार दिवस, तीन मुक्काम

रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पुढे पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी तोलार खिंडीतून खिरेश्वर. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही, म्हणून लोक दोन दिवसांत उरकायला जातात आणि अंधारात जंगलात अडकतात. या वाटेचं नियोजन किलोमीटरवर करायचं नाही. पाणी कुठे मिळणार आणि उजेड किती उरला आहे, यावर करायचं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं असतं, पायाखालची वाट दिसत नाही. फेब्रुवारी उलटला की ओढे आटत जातात आणि कात्राबाईच्या टप्प्यात वाटेतल्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिला दिवस सोपा. कसाऱ्याहून जीपने घोटीमार्गे शेंडी, तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ पाहून अकरापर्यंत निघालात तरी तीन-साडेतीन तासांत गडावर पोचता. वाट प्रवरेच्या पात्राच्या सोबतीने जाते. मध्ये कात्राबाईकडे जाणारा फाटा लागतो. तो नीट बघून, मोबाइलवर खूण करून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी उतरून इथेच यायचं आहे. वर लोखंडी शिड्या आहेत. मॅट सॅकला आडवी बांधलेली असली तर ती शिडीच्या बाजूच्या कातळाला अडते आणि माणूस मागे ढकलला जातो. मॅट उभी बांधा, सॅकचा कमरेचा पट्टा घट्ट करा आणि शिडीवर एका वेळी एकच माणूस सोडा. माकडं इथे धीट आहेत, खाण्याची पिशवी हातात धरू नका. मुक्काम गुहेत होतो. टाक्यातलं पाणी गाळून एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात भांडी बुडवू नका, पाय तर मुळीच नाही.

दुसरा दिवस सगळ्यात मोठा आणि चुकायचा. सहाला उतरायला लागा, म्हणजे सात-साडेसातला फाट्यावर असाल. माणशी चार लिटर पाणी इथूनच भरून घ्या. फाट्यापासून खिंड दोन ते अडीच तास, खिंडीतून कुमशेत आणखी दोन-अडीच. रतनवाडीतला वाटाड्या घ्याच. पैसे निघण्याआधी ठरवा आणि त्याच्या परतीचा दिवसही त्यात धरा. त्याला संध्याकाळी एकट्याने हेच जंगल उलटं तुडवायचं नसतं.

वाटाड्या असला तरी गुरांची वाट आणि माणसांची वाट यातला फरक प्रत्येकाला कळला पाहिजे. गुरांची वाट सुरुवातीला चांगली रुंद असते, मग पन्नास-साठ पावलांत तिला चार फाटे फुटतात आणि एखादा फाटा कमरेइतक्या उंचीवर झुडपात शिरतो. माणसांची वाट डोक्याच्या वरही मोकळी असते, कारण तिथून मोळी घेऊन बायका जातात. फांद्यांवर कोयत्याचे जुने वार दिसतात, चढावरचे दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत फिरा. खाली गाव दिसतंय म्हणून ओढ्यात उतरू नका. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर, त्यामुळे ओढा दोन वळणं सरळ जातो आणि तिसऱ्या वळणाला कातळ तुटून खाली तीस-चाळीस फुटांचा कोरडा धबधबा येतो. चढून परत येता येत नाही असे उतार तिथे लागतात.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. उजवीकडे आजोबाचा डोंगर, समोर लांबवर हरिश्चंद्रगड. इथे पोटभर खा, पण धूर करू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ती उठतात. उठलीच तर हातवारे न करता अंगावर पांघरूण किंवा तंबूचं कापड ओढून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर व्हा. उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-दगड आहेत. दोघांत आठ-दहा पावलांचं अंतर ठेवा, एकाने पाडलेला दगड दुसऱ्याला लागतो. कारवीच्या रानात तोल गेला तरी खाली हात टेकताना बघा, कापलेल्या कारवीचे खुंट भाल्यासारखे टोकदार असतात.

कुमशेतला अंगणात झोपायची सोय होते आणि गरम भाकरी-पिठलं मिळतं. आदल्या दिवशी निरोप पोचला तर उत्तम. तिसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून, मुळा ओलांडून पाचनई, चालणं तीन-चार तासांचं. तिथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि तंबू कुठे लावू देतात ते विचारा. १९८६पासून हे अभयारण्य आहे, शेकोटी पेटवायची नाही. पाचनईहून वर दोन-अडीच तास.

गडावर तंबू लावताना कोकणकड्याचा मोह टाळा. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, खालून आलेला वारा काठावरून उसळतो आणि रात्री तंबूच्या काठ्या मोडतो. काठापासून निदान शंभर पावलं मागे राहा, म्हणजे रात्री लघवीला उठलेला माणूसही सुरक्षित. कातळावर खुंट्या रुतत नाहीत, दोऱ्या मोठ्या दगडांना गुंडाळा. खोलगट जागी गार हवा साचते, तिथे झोपू नका. डिसेंबरात पांघरुणापेक्षा खालची मॅट जास्त महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून चढते. कडा बघायचा तर पोटावर झोपून.

बुटांबद्दल एक सांगायलाच हवं. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेल्या बुटांच्या तळातला फोमचा थर दमटपणाने कुजतो आणि पहिल्याच चढाला तळवा सुटून येतो. निघण्याआधी आठवडाभर ते बूट घालून चाला. तळवा सुटलाच तर बांधायला सॅकमध्ये पाच-सहा मीटर सुतळी ठेवा. सॅकचं वजन अंगाच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. तो अवयव फळीला बांधून स्थिर करा आणि चालू न देता उचलून न्या. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मिळते, वेळ वैदूकडे घालवायचा नाही. १०८ला फोन लागेलच असं नाही, म्हणून दोन जण आधी गावात पाठवा.

चौथ्या दिवशी बालेकिल्ल्याला वळसा घालून खिरेश्वरकडे. हा माथा उंचसखल आहे, सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात आणि धुक्यात माणसं गोल फिरत राहतात. धुकं असलं तर वितळेपर्यंत गडावरच्या देवळापाशीच थांबा. तोलार खिंडीच्या वरच्या कातळाला लोखंडी कठडे आहेत, तिथे तोंड कातळाकडे करून उतरा. खिंडीतलं व्याघ्रशिल्प दिसलं की अवघड भाग संपला. पुढे तासाभरात खिरेश्वर. तिथून धरणाच्या बांधावरून पाचएक किलोमीटरवर खुबी फाटा, आणि तिथे कल्याणची एसटी मिळते. शेवटच्या गाडीची वेळ उतरल्यावर नको, आधीच विचारून ठेवा.