चौदवडा

फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी इंग्रजी नोटिसांची मराठी प्रत तयार करते. 'फोर्टनाइट' दिसला की बोटं आपसूक 'पंधरवडा' टाइप करतात. बारा वर्षं कुणी हटकलं नव्हतं.

त्या मंगळवारी लालबागचे एक आजोबा चेक घेऊन आले. आमच्या अशिलाचे, म्हणजे घरमालकाचे, भाडेकरू. थकलेलं भाडं नोटीस मिळाल्यापासून 'पंधरवड्याच्या आत' भरायचं होतं. नोटीस मिळाली 3 तारखेला, आजोबा आले 18 ला. ज्युनिअर वकील म्हणाला, मुदत कालच संपली.

आजोबांनी पिशवीतून माझीच मराठी प्रत काढली. 'पंधरवडा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. "पोरी, पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस. चौदा असते तर चौदवडा नसते म्हणाले?"

मी इंग्रजी प्रत पुढ्यात ओढली. जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्री' आक्रसून फोर्टनाइट झाला, म्हणजे नेमके दोन आठवडे. सात रात्रींचा 'सेनाइट'ही होता, तो वापरातून गेला. आपला पंधरवडा मुळात तिथींचा, चंद्राच्या हिशोबाचा. पंधरा तिथी तारखांवर बसवायला गेलं तर कधी चौदा दिवस भरतात, कधी सोळा. मी बारा वर्षं चंद्राचं माप सूर्याच्या कॅलेंडरला लावत होते!

एवढ्यात आमचे अकाउंटंट काका उठून आले. पूर्वी बँकेत होते, त्यांना राहवेना. बँकिंग कायद्यात फोर्टनाइट म्हणजे शनिवारपासून पुढच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत, चोख चौदा दिवस. 2025 च्या दुरुस्तीने तो 1 ते 15 आणि 16 ते महिनाअखेर असा केला. "म्हणजे लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारीतला दुसरा फोर्टनाइट तेराच दिवसांचा," काका खूश होऊन म्हणाले. "आणि मार्चमधला सोळांचा!" आजोबांना यातलं काही नको होतं. त्यांना पावती हवी होती.

साहेबांनी दोन्ही प्रती वाचल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घरमालकाला फोन लावला. मराठी कागद आपण दिला, त्यावर विसंबून माणूस आला, चेक घ्यावा लागेल. तिकडून बराच आवाज झाला, पण चेक घेतला गेला. आजोबांनी पावतीवरची तारीख चष्मा वर करून दोनदा वाचली.

संध्याकाळी टपालाच्या ट्रेमध्ये सहा नोटिसा होत्या, पाकिटं चिकटवलेली. मी सहाही फाडली. '14 दिवसांच्या आत' करून नव्याने छापेपर्यंत माझी 6.40 ची लोकल गेली.