पोकलेन आपोआप कधी खणणार?

दर वेळी गावी गेलो की मामा पहिल्या चहालाच विचारतो, "काय रे, शिकली का तुमची मशीन खणायला?" साताऱ्याकडं त्याची एक पोकलेन आणि दोन डंपर आहेत, म्हणजे प्रश्न अगदी धंद्यातला. मी फिनलंडमध्ये तांपेरे शहरात अवजड यंत्रांच्या स्वयंचलनावर संशोधन करतो. या यंत्रांनी माणसाविना खणावं, उचलावं, भरावं, हेच आमचं काम. मामाचाच प्रश्न मित्र जरा सुटाबुटात घालून विचारतात. गर्दीच्या रस्त्यावर बिनड्रायव्हरच्या गाड्या धावतात, मग मोकळ्या माळावर एका जागी उभं राहून माती उकरायला एवढी वर्षं कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

चालवण्याचा भाग बराचसा सुटलाय, हे खरं आहे. चिलीतल्या गॅब्रिएला मिस्ट्राल या तांब्याच्या खाणीत २००८ पासून कोमात्सु या जपानी कंपनीचे बिनड्रायव्हरचे डंपर कामाला लागले. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोखंडाच्या खाणींतले असे डंपर सुमारे दीड हजार किलोमीटर लांब, पर्थमध्ये बसून सांभाळले जातात. पण या खाणींचे फोटो नीट बघा. डंपर रिकाम्या केबिनीचा येऊन उभा राहतो, आणि त्याला भरणाऱ्या यंत्रात मात्र बहुतेक ठिकाणी माणूस बसलेला असतो. माझं सगळं संशोधन त्या एका खुर्चीभोवती फिरतंय म्हणा ना.

गाडीचं शहाणपण कशालाही न शिवता जाण्यात असतं. आमच्या मशीनचं काम शिवल्याशिवाय सुरूच होत नाही. कॅमेऱ्याला मातीचं वरचं कातडं दिसतं. खाली दोन फुटांवर काळी माती संपून मुरूम लागणार, की मध्येच एखादा धोंडा आडवा येणार, हे बकेटचे दात आत गेल्यावरच कळतं. बरं, एक बकेट भरली की जमिनीचा आकार बदलला. दुसरी बकेट पहिलीसारखी कधीच नसते. तीच काळी माती मे महिन्यात भेगाळलेली दगड असते आणि जुलैत चिखलाचा गोळा होऊन बकेटला अशी चिकटते की झटकून झटकून हात दुखतात. संगणकात खोटी माती करून यंत्राला शिकवता येतं, आम्ही शिकवतोही. पण खरी माती त्या खोट्या मातीसारखी वागायला बांधील नाही.

त्यात हायड्रॉलिक्स. कारखान्यातला रोबो विजेच्या मोटरवर चालतो, सांगितलं तेवढाच आणि सांगितलं तेव्हाच हलतो. पोकलेनमध्ये पंप तेल ढकलतो, व्हॉल्व्ह ते वाटून देतो, सिलिंडर हात हलवतात. बूम (केबिनीकडचा मोठा हात), आर्म (त्याच्या पुढचा हात) आणि बकेट एकाच वेळी हलवायचे तर तेच तेल तिघांत वाटलं जातं, आणि तेल जिथं विरोध कमी तिकडं आधी धावतं. लिव्हर थोडी ढकलली तर काहीच होत नाही, आणखी थोडी ढकलली की एकदम हलतं. हुकूम आणि हालचाल यांत क्षणभराचं अंतर राहतं, तेही रोज सारखं नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पटलं मात्र स्वतःच्या फजितीनं. उन्हाळाभर एका छोट्या एक्स्कॅव्हेटरवर, म्हणजे आपल्या पोकलेनवरच, मी लिहिलेला प्रोग्रॅम वाळू सुंदर उकरत होता. नोव्हेंबरातल्या एका सकाळी, शून्याखाली सात-आठ अंश असताना, तोच प्रोग्रॅम सुरू केला. तेल घट्ट झालेलं. बकेट उशिरा निघाली, प्रोग्रॅमला वाटलं ती अडली, त्यानं जोर वाढवला, आणि खड्ड्याच्या कडेला लावलेली लाकडी चौकट मोडून बकेट बाहेर आली. मामाला फोनवर सांगितलं तर तो हसला. त्याचा ऑपरेटर रोज सकाळी मशीन चालू करून दहा मिनिटं नुसती घुरघुरत ठेवतो आणि बाजूला उभा राहून चहा पितो. आम्हाला लहानपणी वाटायचं, गडी कामचुकार आहे.

या ऑपरेटरला मी एकदा विचारलं होतं, "दादा, बकेट किती खोल घालायची हे कशावरून ठरवता?" तो म्हणाला, "इंजिन रडायला लागलं की हात हलका करायचा." मी तेव्हापासून इंजिनाचे फेरे आणि सिलिंडरमधला दाब मोजतोय. त्याला बुडाखालच्या खुर्चीतून, कानातून आणि लिव्हरवरच्या दोन बोटांतून जे कळतं, ते आकड्यांत उतरवायला मला पाच सेन्सर लागले, आणि तरी तो पुढं आहे.

जिथं माती माणसानंच तयार केलेली असते तिथं काम लवकर जमतं. जपानमध्ये अकिता प्रांतातल्या नारुसे धरणावर काजिमा कंपनीनं डंपर, बुलडोझर आणि रोलर स्वयंचलित चालवले. खडी-वाळूत सिमेंट मिसळून तेच मिश्रण थरावर थर पसरायचं आणि दाबायचं. जपानला ही गरजही जुनी आहे. १९९१ च्या ३ जूनला उन्झेन ज्वालामुखीच्या धगधगत्या लोटात ४३ माणसं गेली. त्यानंतर तिथला राडारोडा उपसायला आणि बंधारे बांधायला लांबून चालवायची यंत्रं आणावी लागली. आता जपानमध्ये बांधकामावरचे लोक म्हातारे होतायत आणि तरुण येत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम स्वित्झर्लंडमधलं. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी १२ टनांच्या एक्स्कॅव्हेटरकडून दगडांचा एक गडगा रचून घेतला. कोकणात रचतात तसाच, सिमेंटचा थेंबही न वापरता, फक्त ६ मीटर उंच आणि ६५ मीटर लांब. यंत्र प्रत्येक दगड उचलून त्याचा आकार मोजतं, तो कुठं बसेल ते ठरवतं आणि नेऊन ठेवतं. शोधनिबंध २०२३ साली आला. मी मामाला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "किती दिवस लागले ते सांग." धंदेवाईक माणूस!

आपल्याकडं कधी, याचं माझं उत्तर असं की पूर्ण मशीन येण्याआधी तिचे तुकडे येतील. ठरलेल्या खोलीखाली बकेट जाऊच न देणारी यंत्रं बाजारात आहेतच, मोठ्या महामार्गांच्या कामावर ती आधी दिसतील. एका पोकलेनच्या मालकाला ऑपरेटरच्या पगारापेक्षा सेन्सर स्वस्त पडतील असं मला नजीकच्या काळात तरी वाटत नाही. मामाला हे उत्तर आवडत नाही. ऑपरेटर ऐकतो आणि काही बोलत नाही.

मागच्या डिसेंबरात वस्तीवर चर खणायचं काम होतं. मी मुद्दाम बघायला गेलो. मशीन लावल्यावर तो केबिनीतून खाली उतरला आणि ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं, "आजी, नळाचा पाइप कुठनं गेलाय?" आजींनी काठीनं जागा दाखवली. तिथून चांगलं चार हात लांबून त्यानं सुरुवात केली, तीही बकेट नुसती खरवडत खरवडत. मी म्हटलं, "एवढं लांबून कशाला? आजींनी दाखवलं की." तो म्हणाला, "त्यांच्या सासऱ्यांनी टाकलेला पाइप आहे, त्यांनी कुठं बघितलाय." दोन फुटांवर निळा पाइप निघाला, आजींच्या काठीपासून बराच अलीकडं.